होमरचे वृत्त आणि जात्यावरची ओवी

युरोपातील सुशिक्षित माणसाला त्याच्या वाङ्मयाचे मूळ विचारले, तर तो होमरचे नाव घेतो. 'इलियड'च्या सुमारे १५,७०० आणि 'ओडिसी'च्या १२,१०० ओळी ही त्याची गंगोत्री आहे. त्या भूमीवर धर्म बदलला, राज्ये बदलली, बोलली जाणारी भाषाही बदलत गेली. पण होमरचे पठण, संपादन आणि अध्यापन थांबले नाही. आपल्या मुळाचा आदर कसा करावा, हे या एका बाबतीत तरी युरोपाकडून शिकण्यासारखे आहे.

मराठी माणसाला याच प्रश्नाचे उत्तर देताना 'ज्ञानेश्वरी'चे नाव आठवते आणि ते योग्यच आहे. परंतु ज्ञानेश्वरांनी ज्या छंदाला ग्रंथाचे सिंहासन दिले, तो छंद त्यांच्या आधी कोणाच्या मुखी होता? चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ११२९ मधील संस्कृत ग्रंथात त्याचे उत्तर आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद राजाच्या या ग्रंथात झाली आहे. 'ज्ञानेश्वरी' १२९० ची. म्हणजे ग्रंथातील ओवीच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी उखळा-मुसळाशी बसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मराठी स्त्रीच्या कंठात ओवी नांदत होती. आपली गंगोत्री तिथे आहे. ती आज कोणत्या स्थितीत आहे, हा या लेखाचा विषय आहे. आणि त्यासाठी होमरपासून आरंभ करणे उपयोगी ठरते.

तेलंगांनी घालून दिलेला धडा

होमर आणि आपली महाकाव्ये यांची तुलना नवी नाही. जर्मन पंडित आल्ब्रेश्त वेबर यांनी १८७० मध्ये रामायणावर एक प्रबंध लिहिला. बौद्धांच्या दशरथ-जातकातील साध्या कथेवर पुढे ग्रीक काव्याचे कलम झाले. हेलनच्या अपहरणावरून सीताहरण आणि ट्रॉयच्या वेढ्यावरून लंकेचे युद्ध आले असावे, असा त्यांचा तर्क होता. लवकरच या प्रबंधाचा इंग्रजी अनुवाद आपल्या देशातही प्रसिद्ध झाला. राज्यकर्त्यांच्या भाषेत, युरोपीय विद्येच्या अधिकाराने मांडलेले ते मत होते. ते निमूटपणे मान्य करणे किंवा संतापून शिव्याशाप देणे, हे दोन सोपे मार्ग उपलब्ध होते.

मुंबईच्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी तिसरा मार्ग निवडला. त्या वेळी त्यांनी वयाची पंचविशीही गाठली नव्हती. 'रामायण होमरवरून उतरले आहे काय?' असा सरळ प्रश्न शीर्षकातच विचारणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८७३ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले. वेबर यांचा एकेक मुद्दा घेऊन तेलंगांनी तो तपासला. दाखवलेली साम्ये किती वरवरची आहेत, ते मांडले. पतंजलीच्या 'महाभाष्या'सारख्या ग्रंथांतील पुरावा पुढे ठेवून रामकथेची प्राचीनता दाखवली. पुढे १८९३ मध्ये हेर्मान याकोबी या जर्मन पंडितानेच रामायणावरील आपल्या ग्रंथात होमरच्या प्रभावाची कल्पना अमान्य केली. तेलंग त्याच वर्षी निवर्तले.

या प्रकरणातून घ्यावयाचा धडा दुहेरी आहे. पहिला असा की, स्वाभिमानाला अभ्यासाचे पाठबळ असेल तरच तो टिकतो. दुसरा धडा आपल्याला अधिक अवघड वाटेल. वेबर यांचे विधान उलटे करून 'होमरनेच रामायणावरून उचलले' असे म्हणणारे लोक आपल्यातही भेटतात. त्या विधानालाही पुरावा नाही. जे विधान वेबर यांच्या तोंडी अन्यायाचे होते, ते आपल्या तोंडी न्यायाचे होत नाही. परस्त्रीचे हरण आणि समुद्रापलीकडचे युद्ध ही कथासूत्रे अनेक समाजांत स्वतंत्रपणे उद्भवू शकतात. होमर आणि आपण यांच्यातील खरे नाते पाहायचे असेल, तर कथानकापेक्षा भाषा आणि वृत्त यांकडे वळावे लागते.

सहा गणांची ओळ

होमरच्या वृत्ताचे नाव हेक्झामीटर. त्यातील 'हेक्स' म्हणजे आपले 'षट्'. दोन्ही शब्द एकाच मूळ शब्दाची रूपे आहेत. एका ओळीत सहा गण. ज्यांनी शाळेत 'यमाताराजभानसलगं' घोकले आहे त्यांना हे वृत्त समजायला पाच मिनिटे पुरतील. एक गुरू आणि त्यामागे दोन लघू, म्हणजे आपला 'भ' गण, हा त्याचा मूळ घटक. या गणातील दोन लघूंच्या जागी एक गुरू चालतो. पाचवा गण बहुधा मूळ रूपातच राहतो आणि शेवटचा गण दोनच अक्षरांचा असतो. त्यामुळे ओळीत अक्षरे बारा ते सतरा येतात, पण मात्रांचे माप सुटत नाही. ओळीच्या मध्यावर, बहुधा तिसऱ्या गणात, यती येतो.

यातील महत्त्वाची गोष्ट ही की, प्राचीन ग्रीक वृत्त आपल्या संस्कृत वृत्तांप्रमाणेच लघुगुरूंवर उभे आहे. इंग्रजी कविता आघातावर चालते. होमरची चालत नाही. म्हणून इंग्रजी अनुवादात होमर वाचणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा भुजंगप्रयात किंवा शार्दूलविक्रीडित म्हणता येणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला होमरच्या लयीचे मर्म अधिक लवकर कळू शकते.

फ्रेंच भाषापंडित आंत्वान मेये यांनी १९२३ मध्ये ग्रीक आणि वैदिक छंदांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. ओळीचा आरंभ मोकळा आणि शेवट बांधलेला, ही दोन्हीकडची समान रीत त्यांनी दाखवली. आपल्या अनुष्टुभातही पाहा: चरणातील पहिल्या चार अक्षरांना बरेच स्वातंत्र्य आहे, नियम लागतो तो पाचव्या अक्षरापासून. मात्र हेक्झामीटर हे वृत्त स्वतः या सामायिक वारशातले नसून ग्रीकांनी इतरांकडून घेतले असावे, असे मेये यांचे मत होते. त्याविषयी विद्वानांत आजही वाद आहे.

शब्दांच्या नात्याविषयी मात्र वाद नाही. होमरच्या वीराला हवी असते कधीही क्षय न पावणारी कीर्ती. तिच्यासाठी ग्रीक शब्द आहेत 'क्लेओस' आणि 'आफ्थितोन'. ऋग्वेदात याच अर्थाने याच शब्दांची भावंडे येतात, 'श्रवस्' आणि 'अक्षित'. आडालबेर्ट कून यांनी १८५३ मध्ये हे साम्य दाखवले. 'श्रवस्' म्हणजे जे ऐकले जाते ते. कीर्ती ही वाचण्याची वस्तू नसून ऐकण्याची आहे, ही समजूत दोन्ही परंपरांत आहे.

कोणीच न बोललेली भाषा

होमरची भाषा हे आणखी एक आश्चर्य आहे. ती कोणत्याही एका गावाची किंवा काळाची भाषा नाही. तिचा पाया आयोनियन बोलीचा. पण तिच्यात एओलियन बोलीची रूपे मिसळलेली आहेत, आणि कित्येक शतकांच्या अंतराने प्रचारात आलेली रूपे एकाच ओळीत शेजारी बसतात. षष्ठी विभक्तीचा जुना प्रत्ययही आहे आणि नवाही; ज्या ठिकाणी जो वृत्तात बसेल तो. बाजारात, घरात ही भाषा कोणी कधी बोलले नाही. ती केवळ गाण्यासाठी घडली.

वृत्ताची स्मरणशक्ती माणसापेक्षा दीर्घ असते, याचेही उदाहरण येथे सापडते. ग्रीक भाषेच्या आयोनियन बोलीतून 'व' हा उच्चार फार पूर्वी लोपला. घर या अर्थाचा 'ओइकोस' हा शब्द मुळात 'वोइकोस' होता. आपला 'वेश' हा निवासवाचक जुना शब्द त्याचा आप्त. होमरच्या लिखित पाठात हा 'व' कुठेच नाही, पण अनेक ओळींत त्याची जागा धरल्यावाचून वृत्त नीट लागत नाही. ध्वनी गेला, त्याचे आसन उरले. वेदातही असेच होते. लिखित 'त्वम्' कित्येकदा छंदासाठी 'तुअम्' असा दोन अक्षरी घ्यावा लागतो, तेव्हाच चरणाची अक्षरसंख्या जुळते.

आता आपल्याकडे या. जात्यावरच्या ओवीची भाषा तरी कोठे रोजच्या बोलण्याची आहे? माहेरवाशीण सासरच्या गावी गेली की ओव्या तिच्यासोबत गेल्या. माहेरची रूपे सासरच्या रूपांत मिसळली. बोलण्यातून गेलेले शब्द ओवीत राहिले. मुलगा तेथे 'राघू' असतो, मुलगी 'मैना' असते, भावाचा 'बंधव' होतो. ज्या बाईच्या ओठी हे शब्द दळताना येत, तिच्याच तोंडी दिवसभराच्या व्यवहारात ते येत नसत. प्रमाण मराठीच्या तराजूत तोलून या भाषेला 'अशुद्ध' म्हणणाऱ्यांनी मग होमरलाही अशुद्ध म्हणावे!

अंध कवी, निरक्षर गवई

होमर एक होता की अनेक, लिहिणारा होता की गाणारा, हा प्रश्न युरोपाने शेदीडशे वर्षे चघळला. त्याला नवी दिशा दिली ती मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने. १९२८ मध्ये पॅरिसमध्ये सादर केलेल्या प्रबंधात त्याने होमरमधील विशेषणांचा हिशेब मांडला. ओडिसियस कधी नुसता 'दिव्य', कधी 'अनेक युक्त्यांचा', कधी 'पुष्कळ सोसलेला दिव्य' असा का येतो? प्रसंगाच्या अर्थासाठी तितका नव्हे, जितका ओळीत उरलेल्या जागेसाठी. लहान जागा असेल तर लहान विशेषण, मोठी असेल तर मोठे. प्रत्येक मापासाठी एक सिद्ध शब्दसमूह आणि एका मापासाठी बहुधा एकच. इतकी काटकसरीची व्यवस्था एका कवीला एका आयुष्यात साधणारी नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या गायकांनी मिळून ती घडवलेली असणार.

हा तर्क प्रत्यक्ष पडताळण्यासाठी पॅरी १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात गेला. तेथे गुसले नावाच्या तंतुवाद्यावर वीरकथा गाणारे गवई हयात होते. ध्वनिमुद्रणाची अवजड यंत्रे घेऊन तो आणि त्याचा सहकारी आल्बर्ट लॉर्ड गावोगाव हिंडले. आवदो मेजेदोविच या निरक्षर गवयाने त्यांना बारा हजारांहून अधिक ओळींचे एक काव्य सांगितले. म्हणजे जवळजवळ 'ओडिसी'एवढे. ते त्याला शब्दशः पाठ नव्हते. कथा, वृत्त आणि सिद्ध शब्दसमूह यांच्या बळावर तो गाता गाता ते रचत होता. पॅरी १९३५ मध्येच वारला. लॉर्डने १९६० मध्ये या संशोधनावर ग्रंथ लिहिला. होमरकडे पाहण्याची जगाची दृष्टी त्यानंतर बदलली.

येथे एक भेद नीट लक्षात घ्यावा. मौखिक परंपरा म्हटले की आपल्याला वेदपाठ आठवतो. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी वेदाचा एकेक वर्ण राखला गेला. युनेस्कोने २००३ मध्ये या परंपरेचा गौरव केला. तेथे शब्द बदलणे हा दोष आहे. होमरची आणि जात्यावरच्या ओवीची मौखिकता वेगळी. तेथे प्रत्येक गायन ही नवी रचना असते. बदल हा त्या परंपरेचा श्वास आहे. तेराव्या शतकात महदंबेने गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी उत्स्फूर्त 'धवळे' गाईले, ते याच रीतीचे. महाराष्ट्राच्या भाग्याने या दोन्ही रीती आपल्याकडे नांदल्या. एक पुरुषांनी पाठशाळेत सांभाळली, दुसरी स्त्रियांनी जात्याशी. पहिलीचा मान आपण ठेवला. दुसरीचे काय झाले?

गोदाकाठचे एक गाव

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात वडीगोद्रीजवळ अंतरवाली सराटी हे गाव आहे. २०२३ मधील मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे त्याचे नाव देशभर पोहोचले. तो विषय वेगळा आणि त्याची चर्चा अन्यत्र भरपूर झाली आहे. परंतु नकाशावर या गावाभोवती बोट फिरवले, तर जे दिसते ते वृत्तपत्रांच्या मथळ्यांत कधी आले नाही. दक्षिणेला गोदावरी आहे. तिच्या प्रवाहावर वरच्या बाजूस ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचे आपेगाव आणि नाथांचे पैठण. शेजारच्या घनसावंगी तालुक्यात जांब, जेथे १६०८ मध्ये समर्थ रामदासांचा जन्म झाला. 'ज्ञानेश्वरी'च्या नऊ हजार ओव्या, 'एकनाथी भागवत', नाथांनी हाती घेतलेले आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे शिष्य गावबाने पूर्ण केलेले 'भावार्थ रामायण', 'दासबोधा'च्या ७,७५१ ओव्या — मराठीतील या सर्वांत मोठ्या ओवीग्रंथांच्या कर्त्यांची मुळे या एका गोदाकाठच्या पट्ट्यात आहेत. ग्रीकांच्या आयोनियन किनाऱ्याचे होमरशी जे नाते, ते या पट्ट्याचे ओवीशी आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आणि ग्रंथातल्या ओवीचे मूळ घरातल्या ओवीत आहे. माधव जूलियन यांनी 'छंदोरचने'त मराठी पद्याचे छंद, जाती आणि वृत्त असे तीन विभाग केले. वृत्तात लघुगुरूंचा क्रम बांधलेला, जातीत मात्रा मोजलेल्या, आणि ओवी-अभंगाच्या छंदात अक्षरांचा मेळ. ग्रंथातील ओवी साडेतीन चरणांची. पहिले तीन चरण यमकाने जुळलेले, चौथा आखूड आणि यमकाविना. तो आखूड चरण म्हणजे ओवीचा विसावा; 'आरंभ मोकळा, शेवट बांधलेला' या जुन्या तत्त्वाशी त्याचे नाते जुळते. जात्यावरची ओवी याहून लवचीक. तिची अक्षरे कागदावर मोजू गेल्यास कमीअधिक भरतात. पण दोघी समोरासमोर बसून खुंटा धरतात, मूठमूठ वैरण जात्यात पडते, वरची पाळू फिरते आणि तिच्या फेऱ्याबरोबर ओळ लांबते वा आखडते. मग माप चुकत नाही. 'बाई', 'गं', 'सांगते' हे शब्द जागा भरतात. होमरच्या विशेषणांनी जे काम केले, तेच काम हे करतात. जात्याच्या घरघरीत वृत्तशास्त्राचा सगळा पाठ आहे.

'ओवी' या शब्दाचे नाते 'ओवणे' या क्रियापदाशी सांगितले जाते. आणि ग्रीक महाकाव्ये गाणाऱ्याला ग्रीकांनी दिलेले नाव 'र्‍हाप्सोदोस'. त्याचा अर्थ गीते शिवणारा. एकाने सुईदोरा घेतला, दुसरीने माळ ओवली.

हेही मान्य केले पाहिजे की जात्यावरची ओवी हे 'इलियड' नव्हे. तिच्यात सलग कथा नसते. लहान लहान ओव्यांतून सीतेचा वनवास, पंढरीची वाट, भावाची वाट पाहणे, लेकीचे लग्न असे विषय येतात. दीर्घ कथाकाव्य पाहायचे तर धनगरी ओवीकडे जावे लागेल. ग्युंटर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने बिरोबा आणि धुळोबा यांच्या धनगरी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांतून दोन मौखिक महाकाव्ये २०१४ मध्ये अ‍ॅन फेल्डहाउस यांनी इंग्रजीत प्रसिद्ध केली. ज्या समाजाला 'आपल्यात महाकाव्याचा गवई उरला नाही' असे वाटत होते, त्याच्या माळरानावर तो मेंढरांमागे चालत होता!

जाते थांबले तेव्हा

गावात पिठाची गिरणी आली आणि बाईच्या पाठीवरचा एक भार उतरला. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पहाटे उठून रोज पायलीभर दळण्याचे कष्ट ज्यांनी काढले, त्यांना जात्याच्या सौंदर्यावर व्याख्यान देणे ही क्रूर थट्टा होईल. परंतु जाते थांबल्याबरोबर गाणेही थांबले. कामाशी बांधलेले गाणे कामावाचून जगत नाही. आज जात्यावर खरोखर दळलेल्या आणि दळताना गाईलेल्या बायका बहुतेक सत्तरी-ऐंशीच्या आहेत. त्यांच्या सुना-नातींना ओव्या येत नाहीत.

हे कोणाच्याच ध्यानी आले नाही असे नव्हे. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' या संग्रहात ओव्या एकत्र केल्या. डॉ. कमलाबाई देशपांडे यांनी आपल्या ग्रंथाला 'अपौरुषेय वाङ्मय अर्थात स्त्रीगीते' असे नाव दिले. वेदांचे विशेषण त्यांनी बायकांच्या गाण्यांना लावले, आणि दोन्ही अर्थांनी ते खरे ठरले! दुर्गाबाई भागवत, सरोजिनी बाबर यांचे कार्य तर सर्वश्रुत आहे. पुढे १९८० च्या दशकापासून हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या टिपल्या. त्यांतील हजारो ओव्या गाणाऱ्या बायकांच्या आवाजातही जतन झाल्या आहेत. पॅरीने युगोस्लाव्हियात जे केले, त्याच तोलाचे हे काम. त्यांच्या सामाजिक विचारांशी आपण सहमत असू वा नसू, या श्रमापुढे मान झुकवणे हाच आपला संस्कार आहे.

परंतु एक लाख हा आकडा ऐकून निश्चिंत होऊ नये. मराठवाड्यातील प्रत्येक गावाची, प्रत्येक घराची ओवी त्यात आली असेल, हे संभवत नाही. जी ओवी ऐकलीच गेली नाही ती बाईबरोबर सरणावर जाते. 'श्रवस्' ऐकण्यावर उभे आहे. ऐकणारा नसेल तर कोणती कीर्ती अक्षय राहणार?

आपल्या हाती काय आहे

होमर वाचला तो केवळ थोर होता म्हणून नव्हे. योग्य वेळी त्याचे पाठ लिहिले गेले आणि इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या व दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या पंडितांनी ते ताडून पाहिले म्हणून. आपल्याकडे नाथांनी १५८४ मध्ये 'ज्ञानेश्वरी'चा पाठ शुद्ध केला आणि त्यात स्वतःची ओवी घुसडणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो, अशी ताकीद दिली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी तर त्या कार्याला आयुष्य वाहिले. स्मृतीच्या बळावर काव्य जगवण्याचा आदर्शही दूरचा नाही. अंदमानच्या कोठडीत कागद नसताना स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'कमला' रचून मुखोद्गत ठेवले, आणि दीर्घ काव्यासाठी 'वैनायक' हे निर्यमक वृत्त मराठीला दिले. लेखन, संपादन आणि स्मरण या तिन्ही वाटा आपल्या पूर्वजांनी चालून दाखवल्या आहेत.

मग आज करायचे काय? हे काम शासनाच्या अनुदानासाठी थांबण्याचे नाही. केंद्र शासनाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आनंद आपण साजरा केला. पण अभिजातता पुराव्यावर उभी राहते, आणि आपला एक मोठा पुरावा आज घरोघरी खाटेवर बसून आहे. प्रत्येक कार्यकर्त्याच्या घरात भ्रमणध्वनी आहे; पॅरीच्या अवजड यंत्राचे काम तो खिशात बसून करतो. अंतरवाली सराटीसारख्या गावात शाळेतील दहा मुलांनी दोन सुट्ट्यांत आपापल्या आजीच्या, शेजारच्या मावशीच्या ओव्या मुद्रित केल्या, तर त्या गावाचा स्वतःचा संग्रह उभा राहील.

मात्र काही पथ्ये पाळावी लागतील. आजीची संमती घ्यावी. तिचे नाव, माहेर आणि सासर नोंदवावे. जमल्यास रिकाम्या का होईना, जात्याशी तिला बसवावे. हाताला खुंटा लागला की विसरलेल्या ओव्या आठवतात. सर्व जातींच्या, वस्त्यांच्या घरांत जावे. ओवीने वेशीच्या आत आणि बाहेर असा भेद केला नाही, आपणही करू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ओवी सुधारू नये. तिची बोली प्रमाण करू नये. ओव्यांत केवळ भक्ती नाही; सासुरवासाचे शल्य आहे, नवऱ्याविषयीची तक्रार आहे, सीतेला वनात धाडणाऱ्या रामाला विचारलेला जाबही आहे. काही कार्यकर्त्यांना तो ऐकताना अवघड वाटेल, गाळावासा वाटेल. तो गाळू नये. ज्या बाईने रामाचे नाव घेतल्यावाचून कधी दळण सुरू केले नाही, तिला रामाला जाब विचारण्याचा अधिकार आहे. तो जाब श्रद्धेच्या पोटीच जन्मला आहे. तो आपण खोडला, तर नाथांच्या अमृताच्या ताटात नरोटी ठेवणारे आपणच ठरू.

दुसरे काम शाळेचे आणि घराचे. वृत्त हे आज गुणांपुरते उरले आहे. लघुगुरूंच्या खुणा करायच्या आणि विसरून जायचे. वृत्त डोळ्याने शिकण्याची वस्तू नाही. मुलांना श्लोक, आर्या, ओवी मोठ्याने, चालीवर म्हणू द्या. अनुष्टुभाचे पाचवे अक्षर लघू का, हे ज्याच्या कानाला कळले, त्याला होमरचा पाचवा गण समजावून सांगावा लागणार नाही. जगाच्या वाङ्मयाकडे जाणारा रस्ता आपल्या घरातून जातो, तो असा.

वेबर यांना उत्तर देताना तेलंगांच्या हाती ग्रंथ होते. तो प्रसंग निभावला, कारण कोणीतरी ते ग्रंथ जपून ठेवले होते. उद्या मराठीच्या उगमाविषयी कोणी प्रश्न केला, तर त्याचे उत्तर पोथीत पूर्ण सापडणार नाही. ते आजीच्या कंठात आहे. होमरच्या गायकांची नावे इतिहासाने गमावली. आपल्या गायिकांची नावे अजून आपल्याला ठाऊक आहेत, त्या अजून हाकेच्या अंतरावर आहेत. येत्या सुट्टीत गावी जाल तेव्हा त्यांच्याजवळ बसा आणि म्हणा, "आजी, जात्यावरची एक ओवी म्हणा ना." आणि मग ऐका.